एकही लपवला नाही

२ नोव्हेंबर, रविवार

सम्मेद सकाळी आला आणि म्हणाला, "आत्या, आमच्या स्पर्धेची पंच हो." कसली स्पर्धा, तर समुद्रात गळ टाकून मासे धरायची. मी हातातलं पुस्तक मिटलं. मगदुमांच्या जैन घरातली, सूर्य बुडायच्या आत जेवणारी बाई. तिनं किनाऱ्यावर उभं राहून कुणाचा मासा मोठा ते सांगायचं?

"म्हणूनच तू," तो म्हणाला. "धरत नाहीस, खात नाहीस, कुणाशी भागीदारी नाही. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

सम्मेद माझ्या भावाचा मुलगा, त्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. तो गळ टाकतो हे मला माहीत आहे. त्याच्या आईला वाटतं, तो आंब्याच्या कलमांसाठी देवगडला जातो. एवढ्या फेऱ्यांत आतापर्यंत सगळं कोल्हापूर आमराई व्हायला हवं होतं. वहिनी विचारत नाही, मी सांगत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे मोठा तमाशा झाला. स्पर्धा वजनावर होती. पहिल्या आलेल्या माशाचं पोट फाडलं तर आत शिसं, गळ खाली बुडावा म्हणून बांधतात ती वजनं. धरणारा म्हणाला, माझं नव्हे, कुणीतरी पिशवीत असताना कोंबलं. कुणी कोंबलं ते कळलंच नाही. तेव्हापासून शाहूपुरीतले हे सगळे दुकानदार, इंजिनिअर, डॉक्टर एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघतात.

मी अट घातली: एकही मासा मरता कामा नये. लांबी मोजायची आणि जिवंत सोडायचा.

"ते ठरलंय आधीच. उदयसिंहकाकांनीच काढलं ते. क्लब त्यांनीच सुरू केला."

म्हणजे वजनाची स्पर्धा बंद करायची घाई याच गृहस्थांना होती. का? हे नाव मी मनात ठेवलं आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाहूपुरीत क्लबची बैठक. उदयसिंह बघितले. शेतीपंपाचं दुकान, मूळ गारगोटीकडचे, साठीला आलेले, मिशा आणि आवाज दोन्ही पैलवानी. मला बघून म्हणाले, "या आक्का. तुमची दारूबंदीची सभा ऐकलीय मी गडहिंग्लजला. दारू सोडली न्हाय, पण ऐकलीय." सगळे हसले. मी हसले नाही. जो माणूस पहिल्याच वाक्यात पंचाशी सलगी करतो, त्याला पंचाकडून काहीतरी हवं असतं.

दुसरा विश्वजित. तरुण कंत्राटदार, बोलणं नम्र, मला "मॅडम" म्हणतो. गेल्या वर्षी दुसरा आला होता. पहिल्या माशाच्या पोटात शिसं निघालं तरी बक्षीस याला मिळालं नाही, स्पर्धाच रद्द झाली. त्याच्या मनात सल आहे आणि तो लपवत नाही. असा माणूस मला आवडतो.

नियम ठरले. मासा लागला की लाल निशाण वर करायचं आणि थांबायचं. पंच येईल, ओल्या पट्टीवर मासा मोजेल, मग सोडायचा. पंचानं न बघता सोडलेला मासा धरलाच नाही असं समजायचं.

सम्मेद म्हणाला, शेजारच्या स्पर्धकाला साक्षीदार करूया. मी म्हटलं, "दोघं मिळाले तर? साक्ष एकाचीच, पंचाची." टाळ्या पडल्या.

उदयसिंहांनी टाळी वाजवली नाही. "आक्का, किनारा लांबडा हाय. तुम्ही त्या टोकापासनं ह्या टोकाला येस्तवर मासा तडफडत बसणार की."

"मी भरभर चालते," मी म्हटलं.

"चालता व्हय, पर वाटंत बोलताबी."

पुन्हा हशा. साक्षीदार कोण असावा यावर वाद घालणारा माणूस एकच असतो, ज्याला साक्ष नको असते. शेवटी मी ठराव मांडला: फसवणुकीत जो दोषी ठरेल त्याचं नाव भर सभेत क्लबातून कमी करायचं. कायमचं. पुन्हा त्यानं क्लबबरोबर समुद्रावर पाऊल ठेवायचं नाही. एकमतानं मंजूर. उदयसिंहांनीही हात वर केला, सगळ्यांच्या आधी. जरा जास्तच आधी.

९ नोव्हेंबर, रविवार

सम्मेदनं मला मासा कसा हाताळतात ते शिकवलं. मासा म्हणून दुधी भोपळा. न्हाणीघरात बादली भरून घेतली. वहिनीचा फोन आला तेव्हा तो एका हातात भोपळा धरून म्हणाला, "आत्याकडं आहे, भाजी निवडतोय."

हात आधी ओले करायचे. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो जगत नाही. गळाचा उलटा दात कानशीनं घासून टाकायचा, म्हणजे ओढताना ओठ फाटत नाही. आणि सोडताना फेकायचा नाही. दमलेला असला तर पाण्यात शिरून, वाकून, दोन्ही हातांत तोंड लाटेकडं करून धरायचा. कल्ल्यांतून पाणी खेळायला लागतं. "मग तो हातातून आपणच निघतो, आत्या. आपण सोडत नाही. तो जातो."

हे वाक्य मी लिहून घेतलं. भाषणात वापरायचं आहे.

एक शंका मात्र आहे, ती इथेच लिहिते. गळ काढताना मला बघवेल का? पण पंचाचं काम माशांकडे बघायचं नाहीच. फसवणूक मासा करत नाही. मी माणसांकडे बघणार आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. देवगडजवळ

लॉजच्या खोलीत बसून लिहिते आहे. पायांत गोळे आले आहेत. डोकं तापलं आहे.

स्पर्धा उजाडताच सुरू झाली. किनारा एखाद्या विळ्यासारखा, दोन्ही टोकांना काळे खडक. जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या. उदयसिंहांना पार दक्षिणेकडचं टोक आलं, जिथं वळणामुळे माणूस अर्धा दिसतो, अर्धा नाही. चिठ्ठ्या मीच टाकल्या होत्या, डबा मात्र क्लबचा. डबा आधी तपासायला हवा होता.

आणखी एक. उदयसिंह बाकीच्यांबरोबर गाडीनं आले नाहीत. एक दिवस आधीच इथे आले. "भरती बघाय आलतो," म्हणाले. भरती बघायला की काहीतरी ठेवायला?

पहिला मासा एका डॉक्टरांना लागला. मी गेले. पट्टीवरचा आकडा वाचला. गळ काढताना मी मान फिरवली. काढून झाल्यावर पुन्हा बघितलं. पंचानं मान फिरवावी का? मी फिरवली, एवढं खरं.

उदयसिंहांच्या हालचाली दिवसभर मनात नोंदवत होते. इतरांना मासा लागला की आरडाओरडा, फोटो, शिट्ट्या. हा माणूस गप्प. खांद्यावर कायम ओला टॉवेल, पुन्हा पुन्हा समुद्रात बुडवून आणलेला. टॉवेलाच्या घडीत काय काय मावतं! शेजारी पाण्यानं भरलेली मोठी बादली. रिकामी बादली समजू शकते. भरलेली कशाला?

दुपार कलताना उत्तर टोकाला विश्वजितला मोठा रावस लागला. मी मोजला. आतापर्यंतचा सगळ्यांत लांब. सोडून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ह्यावेळी तरी न्याय होणार न्हवं?" मला राहवलं नाही. मी त्याला सांगितलं की न्याय निकालात नसतो, तो ज्या डोळ्यांसमोर निकाल लागतो त्या डोळ्यांत असतो. आणखीही बरंच सांगितलं. तो ऐकत होता. मागे दोघं-तिघं येऊन थांबले. वाऱ्यातही आवाज चांगला लागला होता.

मध्येच कुणीतरी म्हणालं, "दक्षिणेला निशाण वर झालंय." मी वाक्य पुरं केलं. वाक्य अर्ध्यावर टाकून जाणं मला जमत नाही. पुन्हा बघितलं तर निशाण खाली होतं. मग परत वर झालं. मी निघाले.

पुढचं मी नीट लिहिते, कारण यावरच सगळं आहे.

वाळूत पाय रुतत होते, ऊन समोरून डोळ्यांवर. वळणावर पोचले तेव्हा निशाण वाळूत आडवं पडलेलं. उदयसिंह किनाऱ्यावर नव्हते. ते पाण्यात होते, गुडघ्याच्या वर पाणी, माझ्याकडे पाठ, कमरेत वाकलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. काहीतरी धरून होते. हलत नव्हते. मी जिथल्या तिथे थांबले. बराच वेळ ते तसेच उभे. मग हात हळूच उघडले, दोन पावलं पुढे जाऊन पाण्यात बघितलं, आणि वळले. मला बघून दचकले.

"निशाण कशाला केलं होतंत?" एवढंच मी म्हटलं.

"काय न्हाय आक्का. गेली." आणि डोळे पुसले, खारं पाणी गेल्यासारखे. हात रिकामे होते. बादली अर्धी सांडलेली.

मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, आणि सावध झालेला माणूस कधीच सापडत नाही. चाळीस वर्षं सार्वजनिक कामात काढल्यावर एवढं तरी समजतं.

आणि शेवटच्या तासात उदयसिंहांचं निशाण पुन्हा वर. या वेळी मी धावत गेले. पट्टीवर एक तांबोशी, लालसर, ताठ. विश्वजितच्या रावसापेक्षा थोडी लहान. दुसरा क्रमांक.

कुठून आली ही, इतक्या शेवटी?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कोल्हापूर. झोप नाही.

माझी मांडणी अशी. आदल्या दिवशी येऊन खडकाच्या कपारीत जाळी बांधायची, त्यात आधी धरलेला मासा जिवंत ठेवायचा. दुपारी तो काढायचा बेत होता, निशाणही केलं. पण मासा जाळीतून लवकर निघेना आणि तेवढ्यात मी आले. म्हणून "गेली." मग मी लांब गेल्यावर शेवटच्या तासात तीच तांबोशी निवांत बाहेर काढली. सगळे सांधे जुळतात. टॉवेल, बादली, वळण, आदला दिवस, साक्षीवरून घातलेला वाद.

एक गोष्ट जुळत नाही. फसवायचंच तर पहिल्यापेक्षा मोठा मासा का ठेवला नाही? यावर पुष्कळ विचार केला. उत्तर असं की दुसऱ्या क्रमांकावर कुणी संशय घेत नाही. हा खरा मुरलेला माणूस.

सम्मेदला फोनवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "काका तसले नाहीत, आत्या."

तसला कुणीच नसतो, सापडेपर्यंत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जैन बोर्डिंगमध्ये अनेकांतवादावर व्याख्यान. सत्याला अनेक बाजू असतात आणि आपल्याला दिसते ती एकच, हा विषय. दीड तास बोलले. मुलं उठली नाहीत. शेवटी प्राची नावाच्या मुलीनं विचारलं, "मग दुसरी बाजू बघायची कशी?" मी चांगलं उत्तर दिलं असावं, कारण टाळ्या झाल्या. आता नेमकं काय म्हणाले ते आठवत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विश्वजित घरी आला होता. पुरावा नाही हे मी मान्य केलं. तो म्हणाला, "मॅडम, एक उपाय आहे. बक्षीस समारंभात सगळ्यांनी बेलभंडारा उचलायचा."

ताटात बेलाची पानं, हळदीचा भंडारा, आणि तो हातात घेऊन देवाची शपथ. गावोगाव पंचायतीत हे बघितलं आहे. याच्याविरुद्ध मी आयुष्यभर बोलले. शपथ घेऊन खरं बोलणारा माणूस शपथेशिवाय काय बोलत होता, हे माझंच वाक्य. आणि आज मी हो म्हटलं. का? कारण कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा भंडारा हातात घेऊन खोटं बोलताना थरथरतो, हेही मी बघितलं आहे. मला तो हात थरथरताना बघायचा आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहिते.

शपथेचं वाक्य सम्मेदनं लिहून पाठवलं: "मी दाखवलेला मासा मीच, स्पर्धेच्या वेळेत, गळानं धरलेला आहे." बरोबर आहे, पण कानाला किती तोकडं! असलं वाक्य तलाठीसुद्धा लिहील. मी बदललं:

"मी धरलेला प्रत्येक मासा पंचांसमोर आणला. एकही लपवला नाही, एकही बदलला नाही, एकही उसना घेतला नाही."

मोठ्यानं म्हणून बघितलं. तिसऱ्या "नाही"ला हॉल उठणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

झालं ते असं.

शाहूपुरीतला हॉल भरलेला, सगळे बायकामुलांसह. उदयसिंहांच्या पत्नी संयोगिता पहिल्या रांगेत, अबोली रंगाची साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. त्या माझ्याकडेच बघत होत्या, सुरुवातीपासून.

मी प्रास्ताविक केलं. दमलेल्या माशाला लाटेकडं तोंड करून धरणाऱ्या हातांवर बोलले. "आपण सोडत नाही, तो जातो," हेही म्हटलं. उदयसिंहांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. आशा असावी असं वाटलं. आशा कसली?

मग ताट फिरलं. डॉक्टरांनी शपथ घेतली. विश्वजितनं घेतली, आवाज खणखणीत. उदयसिंहांनी ताटातली पानं उचलली, भंडारा कपाळाला लावला, कागद डोळ्यांसमोर धरला. "मी धरलेला प्रत्येक मासा पंचांसमोर..." आणि थांबले. ओठ हलले. पुढचं मनात वाचलं असावं. मग पानं ताटात परत ठेवली.

"हे मला म्हणता येणार न्हाय."

हॉलमध्ये कुजबुज. कुणीतरी मागून ओरडलं, "का वो काका, भंडारा कडू लागला काय?"

"शेवटची तांबोशी माझी हाय. गळानं धरल्याली. त्येची शपथ कवाबी घेतो. पर हे जे लिवलंय, हे मला म्हणता येणार न्हाय."

मी उभी राहिले. आधी ठरवलेलं काहीच म्हटलं नाही, सगळं आतून आलं. माणूस देवाला फसवायला घाबरतो पण मित्रांना फसवायला घाबरत नाही, हे म्हटलं. ज्यांनी क्लब लावला त्यांनीच मुळावर घाव घातला, हे म्हटलं. समोर ते नुसते उभे होते, बोटांना हळद लागलेली. ठराव वाचून दाखवला. हात वर झाले. सम्मेदचा झाला नाही. तरी मंजूर.

मी बसल्यावर ते म्हणाले, "बोलून झालं, आक्का?" उत्तराची वाट बघितली. मी मान हलवली. मग ते निघाले.

संयोगिता उठल्या. व्यासपीठापाशी आल्या, माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. "पाणी प्या. घसा बसलाय तुमचा." आणि गेल्या.

आयुष्यातल्या उत्तम भाषणांपैकी एक झालं. सगळे म्हणाले.

तो ग्लास मी प्यायले नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सम्मेद फोन उचलत नाही.

भाजी आणायला गेले तर पंपाच्या दुकानावरून जावं लागतं. दुकान उघडं होतं. मी पलीकडच्या बाजूनं गेले. मी का पलीकडून जावं? दोषी मी नाही.

बाजारात विश्वजित भेटला. "मॅडम, बक्षीस घरात ठेवलंय, पण बघवत न्हाय. काका नसताना समुद्रावर जायला कुणी तयार न्हाय." त्याला शंका यायला लागली आहे का? कुणाबद्दल?

३ डिसेंबर, बुधवार

सम्मेद आला. उभ्याउभ्याच बोलला. "रविवारी माझ्याबरोबर चल. स्पर्धा नाही, पट्टी नाही. नुसतं बघायचं. पण एक अट, मान फिरवायची नाही."

यात काहीतरी डाव आहे. तरी हो म्हटलं.

७ डिसेंबर, रविवार

तोच किनारा. सकाळभर काही लागलं नाही. सम्मेद बोलत नव्हता, मीही नाही. दोन बोलकी माणसं गप्प बसली की समुद्राचा आवाज फार मोठा होतो.

मग काठी वाकली. बराच वेळ त्यानं ओढलं, ढील दिली, ओढलं. मासा आला. मान फिरवायची नव्हती. मी बघितलं. सम्मेदनं खांद्यावरचा टॉवेल समुद्रात बुडवला, हात ओले केले, माशाचे डोळे टॉवेलानं झाकले. गळ निघाला. मासा अंगानं तुकतुकीत आणि तोंड उघडं टाकून पडलेला. मला वाटलं, मेला.

"भरलेल्या बादलीत ठेवलं तर जरा वेळ काढतो," तो म्हणाला. "पण फार वेळ नाही."

मग त्यानं तो उचलला आणि पाण्यात शिरला. गुडघ्याच्या वर पाणी. माझ्याकडे पाठ. कमरेत वाकला. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. हलत नव्हता.

मी वाळूत खाली बसले.

केव्हातरी त्यानं हात हळूच उघडले, दोन पावलं पुढे जाऊन पाण्यात बघितलं, आणि वळला. "गेला," म्हणाला, आणि बाहीनं डोळ्यांतलं खारं पाणी पुसलं.

येताना गाडीत, गगनबावड्याच्या वर आल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. काकांनी मला सांगितलं नाही. पण काका पाण्यात वाकून काय करतात, ते मला ठाऊक नाही होय? त्यांनीच शिकवलंय."

"मग सभेत का नाही बोललास?"

"तुझ्या भाषणात मध्ये बोलायला जागा असते कुठं, आत्या?"

८ डिसेंबर, सोमवार

दुकान उघडताना गेले. काय बोलायचं ते लिहून नेलं नव्हतं, असं माझं कधी होत नाही. उदयसिंह एका पंपाच्या पोटात हात घालून बसले होते.

"या आक्का. आज माइक न्हाय?"

मी सांगितलं, मी काय बघितलं होतं आणि मला काय वाटलं होतं. जाळीचंसुद्धा सांगितलं. जाळीवर ते मोठ्यांदा हसले. मग हसू गेलं.

"पोट भरल्यालं हुतं तिचं. गाबोळी. अंड्यांनी टच्च भरल्याली तांबोशी. बादलीत ठेवली, निशाण केलं. तुम्ही न्हाय. परत केलं. बादलीत उलटी व्हाय लागली. तुमची वाट बघत बसलो असतो तर पोटातल्यांसकट मेली असती. म्हटलं, जाऊ दे, बक्षीस गेलं तर गेलं. धरली पाण्यात. लई वेळ लागला तिला."

"मोठी होती?"

"विश्वजितचा रावस तिच्या फुडं पोरगं."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पुरावा समुद्रात. निसटल्याला मासा सगळ्यांचाच मोठा असतोय आक्का, कोण खरं मानणार? आन् तुम्ही लिवलेलं म्हणावं, तर हातात भंडारा. एक मासा म्या तुमच्यासमोर आणला न्हवता. हे खरंच हुतं की."

तिहेरी वाक्य. माझ्या कानाला भरगच्च वाटावं म्हणून.

"मी पुन्हा सभा बोलावते," मी म्हटलं.

"बोलवा. पर आधी घरला या. ती पहिल्या रांगेत बसल्याली, तिच्यासमोर माझं नाव गेलंय. तिला येऊन सांगा."

९ डिसेंबर, मंगळवार

गेले होते. उदयसिंहही घरीच होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत, एखाद्या पोरासारखे गप्प. संयोगितांनी मला आत स्वयंपाकघरात नेलं, पाट दिला, स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी सांगितलं. काही सजवलं नाही. सजवायला काही सुचलंच नाही.

त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला हे ठाऊक हुतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासनं. दारात बूट काढायच्या आधी सांगितलं त्यांनी, लई मोठी सोडली आज म्हणून. लग्नाला एवढी वर्षं झाली, मासा धरल्याचं सांगताना ह्यांचा आवाज येगळा असतोय आन् सोडल्याचं सांगताना येगळा."

"मग तुम्ही हॉलमध्ये उठून का बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू? मला बघायचं हुतं, तुम्ही इचारता का. एवढं बोलला तुम्ही, आक्का. देव काढला, मित्र काढले, मूळ काढलं. 'का म्हणता येत न्हाय?' एवढं एकदा इचारलं असतं, तर त्यांनी तिथंच सांगितलं असतं. ते ताट खाली ठेवून वाट बघत उभं हुतं की."

मला ते दिसलं. हळद लागलेली बोटं. "बोलून झालं, आक्का?" आणि नंतरचं ते थांबणं.

ओट्यावर कुकर होता. त्याची शिट्टी झाली तेव्हा मला बरं वाटलं, कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून.

"सभेत सांगणार न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सांगणार. रविवारी. पंचपद सोडते आहे, आणि ठराव मागे घ्यायला तुमच्यासमोर सगळ्यांना हात वर करायला लावणार आहे."

"किती वेळ बोलणार?"

"दोन वाक्यं."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "तुम्ही? दोन?"

संयोगिता पहिल्यांदा हसल्या. आम्ही बाहेर आलो. उदयसिंह मिशीत हसत होते, पण डोळे जमिनीकडे. चपला घालता घालता मला वाटलं, अजून एक राहिलं आहे. आजपर्यंत या माणसाला मी जे जे विचारलं, त्यातलं एकही मला ऐकायचं म्हणून विचारलं नव्हतं.

"उदयसिंह," मी म्हटलं, "केवढी होती हो?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, चेष्टा करते का ते चाचपून. मग दोन्ही हात पसरले, हळूहळू, लांब, आणखी लांब, उजवा हात भिंतीवरच्या कॅलेंडरला लागेपर्यंत.

"पंधरा दिवसांपूर्वी दारापतुर हुती," संयोगिता म्हणाल्या. "वाढतीय."

हात खाली आले नाहीत. मी त्या दोन तळव्यांमधलं अंतर बघत उभी राहिले. मोजलं नाही.

"एवढी," मी म्हटलं.

"एवढी," ते म्हणाले.